इंजिनावरची फुली

२ मार्च, सोमवार

बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी वही आणायला सांगितली. ह्यांच्यात रोज काय फरक पडतो ते लिहायचं. मी म्हटलं, मी चौथी शिकलेली. त्या म्हणाल्या, चालेल, तुमच्यासाठीच आहे, मी काही वाचणार नाही. मग लिहायचं कशाला हे विचारणार होते, पण त्यांचे तासाचे पैसे चालू होते.

तर. ह्यांना झटका आला त्याला साडेतीन महिने झाले. उजवा हात गेला, बोलणं गेलं. डावा हात चालतो. मान हलते, पण दोन्हीकडे हलते. हो की नाही, पत्ता लागत नाही.

आजचा फरक: नाही.

३ मार्च, मंगळवार

बाईंनी पाटी दिली, पोरांची असते तसली. दोन गोष्टी लिहायच्या, ह्यांनी पाहिजे ती दाखवायची. ह्यांना वाचता येतं. बाई म्हणाल्या, डोकं शाबूत आहे, आतून बाहेर यायची वाट बंद झालीय.

सकाळी लिहिलं: दूध. सूप. ह्यांनी खडू घेतला आणि दुधावर फुली मारली. डाव्या हाताने, पण फुली ठसठशीत.

बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, छान, पण बोट दाखवण्याऐवजी फुली मारली तर तिचा अर्थ त्यांच्या मनात नक्की काय आहे ते जरा... मी म्हटलं, फुलीचा अर्थ मला नका सांगू. एकवीस वर्षं लाँड्रीत आहे. हॉटेलांच्या चादरी येतात. फाटकी निघाली की कोपऱ्यावर पक्क्या शाईने फुली, आणि ती चादर गेली फरशी पुसायला. फुली म्हणजे गेलं.

दूधवाल्याला बंद सांगितलं. कॅलेंडरवर आजच्या तारखेला फुली मारली, आता रोज मारायची, म्हणजे महिन्याच्या हिशोबात तो घोळ घालणार नाही.

दुपारी सूप दिलं. अर्धं सांडलं. होईल सवय.

४ मार्च, बुधवार

पाटीवर: खिडकी. कॉट. खिडकीवर फुली. ह्यांची खुर्ची खिडकीपाशी होती, तिथून रेल्वेच्या इंजिन शेडची मागची लाइन दिसते. मला वाटायचं आवडत असेल. खुर्ची आत घेतली, भिंतीकडे तोंड करून. ह्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. आभार मानायचे होते, कळतं मला. माणसं मला बरोबर कळतात.

पाटी कामाची आहे. आधीच आणायला हवी होती.

६ मार्च, शुक्रवार

शेडच्या गेटवरचा चहावाला सांगत होता, मागच्या लाइनवरची जुनी इंजिनं भंगारात निघाली. तीन आहेत. दोन डिझेलची. तिसरं वाफेचं.

वाफेचं म्हणजे ते. शेडमधले तिला काळी म्हणतात, मी सवत म्हणते. हे आधी तिच्यावर कोळसा टाकायला होते, मग तिच्यावरच ड्रायव्हर झाले. पुढे डिझेल आलं, काळीला मागे नेऊन उभी केली. तर हे दर रविवारी जाऊन तिला पुसून यायचे. रिटायर झाल्यावरसुद्धा. घरात कधी कपाट पुसलेलं मला आठवत नाही.

घरी येऊन सांगितलं, तुमची ती चालली भंगारात. ह्यांचा डावा हात खुर्चीवर आवळला आणि आवाज आला. "घ."

एवढाच. पण साडेतीन महिन्यांतला पहिला.

जेवताना विचार केला. नुसतं नाव काढल्यावर घ आला, तर तिची शिट्टी ऐकल्यावर अख्खं वाक्य यायला काय हरकत आहे. म्हणजे आता पैसे गोळा करायचे, सवत विकत घ्यायची, एकदा पेटवायची, शिट्टी वाजवायची. हे बोलतील. रोज चारशे चादरी काढते मी. ह्यात अवघड ते काय.

चहावाला म्हणाला, वजनावर जाते, बारा लाख तरी होतील. मी म्हटलं, बरं.

आजचा फरक: घ.

९ मार्च, सोमवार

पैसे उभे करायचे तर सुरुवात घरातून. माळा काढला. मागे ह्यांचं एक लाकडी खोकं होतं, झाकणावर ह्यांनी स्वतः मारलेली मोठी फुली. फुली मारून वर्षानुवर्षं टाकून दिलेलं, आणि मी त्याच्याभोवती झाडत होते. आत जुने पाने, एक कंदील, पितळेची एक मूठ, चिंध्यांत गुंडाळलेली. भंगारवाल्याने पितळेचे बरे दिले.

आता एक समिती काढायची, ही तिची पहिली देणगी. ह्यांच्या नावाने लिहिली. खोकं दारातून जाताना ह्यांनी पाहिलं आणि पुन्हा तो आवाज केला, घ, घ, दोनदा. सुरुवात झाल्याचं समाधान.

सूप घेतलं नाही. पोट भरलं असेल.

११ मार्च, बुधवार

समिती झाली. ऐतिहासिक इंजिन बचाव समिती. "ऐतिहासिक" शेजारणीने लिहून दिलं, मला ते जमेना. ती खजिनदार, कारण तिच्याकडे झाकणाचा बिस्किटाचा डबा आहे. मी बाकी सगळं. अध्यक्ष हे. अध्यक्ष बोलत नाहीत ही एका परीने सोयच आहे, मीटिंग वेळेत संपते.

१४ मार्च, शनिवार

मुलगी आली. दोन तास इस्पितळाचे कागद वाचले, फ्रीज उघडून बघितला, मग म्हणाली, बाबा इतके वाळले कसे. मी म्हटलं, झटका आलाय, लग्नाला नाही निघाले. ती म्हणाली, आई, तुझी नोकरी, हे सगळं, आता इंजिन. मी बाबांना माझ्याकडे नेते. तुझ्या जावयाने खोली रिकामी केलीय.

मी म्हटलं, त्यांनाच विचारू की. पाटी घेतली. लिहिलं: इथे. मुलीकडे.

ह्यांनी "इथे" वर फुली मारली. लगेच. विचारसुद्धा केला नाही.

मुलगी माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, बघितलंस, त्यांचं त्यांनी सांगितलं. चहा टाकायला गेले. चहा झाला. काही वाटलं नाही. अडतीस वर्षांत माणूस कंटाळतो, मी पण कंटाळले असते, वेळ मिळाला नाही.

मुलगी म्हणाली, अजून एकदा विचारून बघ. मी म्हटलं, किती वेळा विचारायचं. मग ठरलं असं: एप्रिलअखेरपर्यंत मुदत. तोवर बोलायला लागले तर तोंडानेच सांगतील कुठे राहायचं ते. नाही लागले तर तिच्याकडे.

म्हणजे शिट्टी एप्रिलअखेरच्या आत वाजली पाहिजे. ह्यांची बॅग काढून ठेवली. रिकामी. नुसती धूळ झटकायला.

१७ मार्च, मंगळवार

शेडच्या ऑफिसात गेले. चष्मेवाला क्लार्क फाइलींमागे. मी म्हटलं, काळीबद्दल बोलायचंय. तो म्हणाला, "तिचं झालंय हो बाई."

मी म्हटलं, झालंय ते मला माहितेय, म्हणून तर आले. तो म्हणाला, नाही नाही, म्हणजे तिचं काम झालं, तुम्ही कशाला धावपळ करता. वर हसला. एका गाडीने चाळीस वर्षं लोक वाहिले आणि हा म्हणतो तिचं काम झालं. मी त्याला म्हटलं, तुझ्या आजोबांबद्दलही असंच हसतोस का. तो फाइल पुढे करून म्हणाला, अहो कागद तरी बघा. मी म्हटलं, कागद ठेव तुझ्याकडे, मी पैसे आणते.

दारात आल्यावर तो मागून काहीतरी संग्रहालय-संग्रहालय ओरडत होता. मला तिकीट काढून बघायला कुठे वेळ आहे.

माणसं आतून कशी दगड झालीत.

२१ मार्च, शनिवार

शिफ्ट सुटायच्या वेळी गेटवर डबा घेऊन उभी राहिले. सुटी चिल्लर बरीच. एकाने बसचा पास टाकला, तो मुदतीबाहेरचा. चहावाला म्हणाला, "काकू, इंजिनापेक्षा तुमच्यातच वाफ जास्त आहे, तुम्हालाच रुळावर ठेवा." सगळे हसले. मी म्हटलं, हसलात ना, मग दहा-दहा टाका. टाकले.

एक-दोघे जवळ येऊन म्हणाले, मावशी, पण ती काळी तर... मी म्हटलं, पण-बिण घरी. डबा इथे.

हिशोब शेजारीण ठेवते.

२४ मार्च, मंगळवार

लाँड्रीत मॅनेजरने दोनशे दिले आणि म्हणाला, एवढ्यासाठी ओव्हरटाइम सोडू नका. सोडला.

आजचा फरक: नाही. म्हणजे वजन घटलंय, पण तो फरक बाई विचारत नाहीत.

२८ मार्च, शनिवार

शेडच्या वॉचमनने आत सोडलं, ह्यांच्यामुळे. सवतीला मी इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. लग्न झाल्यावर एकदा दाखवायला नेलं होतं, तेव्हा मी लांबूनच म्हटलं होतं, बरी आहे.

तीन इंजिनं ओळीने उभी. दोन डिझेलवाली गंजून पोपडे सुटलेली, त्यांना कुणी हात लावलेला नाही. आणि काळीच्या केबिनखाली पांढऱ्या रंगाने फुली. हातभर मोठी. नवीनच वाटावी अशी.

तिघींमधून निवडून हिच्यावर फुली. म्हणजे कापायला पहिला नंबर हिचा. क्लार्कने मुद्दाम केलं असेल, मी बोलले त्या रागाने.

 तिथे पडलेल्या रुळाखालच्या लाकडी स्लीपरवर जरा बसले. मग उठले. डाग बघून बसून राहणारी बाई मी नव्हे. एवढ्या वर्षांत असा डाग आला नाही जो माझ्या हातून सुटला नाही. वाइनचा, गंजाचा, रक्ताचा. हा तर साधा ऑइलपेंट.

२ एप्रिल, गुरुवार

शेजारीण म्हणाली, पण दुसऱ्याची फुली आपण पुसायची म्हणजे. मी म्हटलं, फाटक्या चादरीवरची फुली मी कधी पुसली नाही, कारण ती चादर खरंच फाटकी असते. ही फाटकी आहे का? नाही ना. मग फुली खोटी आहे. खोटं पुसायला परवानगी लागत नाही.

टर्पेंटाइनची बाटली आणली. तारेची घासणी. जुन्या चादरीच्या चिंध्या, फुलीवाल्या.

५ एप्रिल, रविवार

मोठा दिवस. ह्यांना व्हीलचेअरमध्ये घालून नेलं, शेजारीण छत्री धरायला. शेडमध्ये सुट्टीची शांतता होती. काळी दिसल्यावर ह्यांनी मान उचलली. पाच महिन्यांत मान एवढी सरळ झाली नव्हती. ह्यांनी फुलीकडे पाहिलं आणि खांदे सैल सोडले, सुटका झाल्यासारखे. नंतर मी घासणी काढली.

दोन तास लागले. सुरुवात केली तशी ह्यांनी आवाज केला. घ नव्हे, मोठा, आ, आ, असा. डावा हात खुर्चीच्या दांडीवर आपटायला लागले. शेजारीण म्हणाली, "अगं, ते काहीतरी सांगतायत गं." मी म्हटलं, टाळ्या वाजवतायत. एका हाताने अशाच वाजतात.

मग डाव्या पायाने रेटून खुर्ची पुढे आणली. खडीत चाक रुतेपर्यंत आणली. ह्यांना मला येऊन चिकटायचं होतं की तिला, कळलं नाही. शेजारणीने मागे ओढली.

फुली गेली. शेवटी वर काळं तेल फिरवलं, अशी चमकली की त्यात माझं तोंड दिसलं. शेजारणीने समितीच्या बोर्डासाठी फोटो काढला: मी, काळी, आणि कोपऱ्यात हे. ह्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मी पुसलं. आनंदाचं पाणी पुसायला हरकत नसते.

आजचा फरक: फार मोठा.

६ एप्रिल, सोमवार

ताप आहे ह्यांना. दगदग झाली. सूप नको, पाटी नको. पाटी पुढे केली की डोळे मिटतात. एवढी मोठी गोष्ट बघितल्यावर लहानसहान प्रश्नांत रस राहत नाही माणसाला.

९ एप्रिल, गुरुवार

बाईंना फोनवर रविवारचं सगळं सांगितलं. किती जोरात आवाज केला, कसा पाय मारला.  त्यांनी विचारलं, ह्यांना तुम्हाला थांबवायचं तर नव्हतं ना. मी म्हटलं, बाई, तुम्ही तासाने शिकवता, मी चोवीस तास असते.

१२ एप्रिल, रविवार

डबा उघडला. एकेचाळीस हजार आणि काही. बारा लाखांत जरा कमी आहेत, पण आधी हप्ता भरू. फोटो बघून जास्त येतील. फोटो चांगला आलाय, फक्त हे पुसट आलेत.

१५ एप्रिल, बुधवार

दुपारपासून शेडकडून गॅस कटरचा आवाज. लाँड्रीतल्या बायकांनी विचारलं, ताई, तुमचं इंजिन? मी म्हटलं, निश्चिंत राहा. आता फुली नाही तिच्यावर.

संध्याकाळी घरी आले तर हे खुर्चीतून अर्धे खाली, तोंड दरवाजाकडे. कटरचा आवाज भिंतीतून येत होता. खुर्चीत नीट बसवलं, रेडिओ मोठा केला.

१७ एप्रिल, शुक्रवार

हप्ता भरायला निघाले. डबा पिशवीत. गेट उघडंच होतं, आत ट्रक.

दोन्ही डिझेलवाल्यांचे तुकडे झालेले. तिसऱ्या जागी चाकं होती. चाकांवर काही नव्हतं.

ह्यांच्या जुन्या जोडीचा फिटर तिथे काठी टेकून उभा. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दोन महिने रजेवर होता, आजच पहिल्यांदा आलेला. मला बघून त्याने नमस्कार केला नाही. म्हणाला, "वहिनी, फुली कुणी पुसली?"

मी म्हटलं, कसली.

म्हणाला, संग्रहालयाने जानेवारीतच पैसे भरले होते काळीचे. पुढच्या आठवड्यात न्यायला येणार होते. साहेबांनी स्वतः फुली मारली होती, मी डबा धरला होता रंगाचा. कापणारे बाहेरचे, ते कागद वाचत नाहीत. त्यांना एकच सांगितलं होतं, फुली आहे तिला हात लावायचा नाही, बाकी सगळं कापा.

मी म्हटलं, फुली म्हणजे गेलं ना.

"आपल्या शेडात फुली म्हणजे ठेवायचं, वहिनी. पहिल्यापासून. ज्याला हात लावायचा नाही, त्याच्यावर फुली. दादांनी घरी कधी सांगितलं नाही?"

नाही सांगितलं. मी पण चादरींचं कधी सांगितलं नाही. कुणी विचारतं का असलं.

मग तो म्हणाला, शिट्टीची मूठ तरी दादांकडे आहे ना, पितळेची. तिला बंद केली तेव्हा त्यांनी काढून नेली होती. खोक्यात जपून ठेवलीय म्हणायचे.

मी म्हटलं, असेल.

बस मिळाली. बसायला जागा मिळाली.

१८ एप्रिल, शनिवार

शेडच्या ऑफिसात गेले. क्लार्क काळी चुकून कापल्याचा फॉर्म भरत होता. कारण काय लिहिलं म्हणून विचारलं, तर पावसाने फुली धुतली गेली. मी म्हटलं, पाऊस झालाच नाही, मी पुसली. टर्पेंटाइनने, दोन तास. त्याने फॉर्म फिरवून माझ्यापुढे ठेवला. पाऊस, ऊन, अपघात, इतर असे चार चौकोन. म्हणाला, "बाई, तसा रकाना नाही. आणि साहेबांची सही झालीय."

मी म्हटलं, इतरमध्ये घाल. तो म्हणाला, इतरमध्ये तपशील लिहावा लागतो.

तो हसला नाही या वेळी. पाणी विचारलं.

१९ एप्रिल, रविवार

रविवारी लाँड्री बंद. दिवसभर काय केलं आठवत नाही. कपडे वाळत घातले होते, ते काढले. वाळले होते.

२० एप्रिल, सोमवार

भंगारवाल्याकडे गेले. पितळेची मूठ, म्हटलं. तो म्हणाला, ताई, दीड महिना झाला, तिची आता नळाची तोटी झाली असेल कुठेतरी.  खोकं होतं त्याच्याकडे, रिकामं, त्यात तो स्क्रू ठेवतो. झाकणावर फुली तशीच. विकत मागितलं, त्याने तसंच दिलं.

डबा परत वाटायला निघाले, तर शेजारणीने कुणी किती दिले ते लिहिलंच नव्हतं. म्हणाली, चिल्लर कोण लिहितं. हिशोब ठेवते म्हणजे डबा सांभाळते, एवढाच तिचा अर्थ होता. गेटवर सगळ्यांना विचारलं. कुणी घेईना. चहावाल्याने तर मान खाली घालून ग्लास धुवायला घेतले, आणि ग्लास धुतलेलेच होते.

घरी आल्यावर हे भिंतीकडे तोंड करून बसलेले. मीच बसवलं होतं. खोकं समोर ठेवलं. ह्यांनी झाकणावर हात फिरवला, मग उघडलं. आत बघितलं. बंद केलं.

मी म्हटलं, मला माहीत नव्हतं.

मान दोन्हीकडे हलली.

२१ एप्रिल, मंगळवार

दूधवाल्याला सकाळी सांगितलं, अर्धा लिटर. कोमट करून दिलं. हे पेला दोन्ही हातांनी धरायला गेले, उजवा आलाच नाही, पण गेले. एका दमात प्यायले. मिशीला लागलं. मग पेला माझ्यापुढे धरला. अजून.

सात आठवडे मी सूप पाजलं. बाईंना फोन करणार होते, केला नाही. त्या म्हणाल्या असत्या, मी म्हटलं होतं. म्हटलंच होतं.

२५ एप्रिल, शनिवार

मुलगी आली, टॅक्सी खाली उभी ठेवून. बॅग भरलेली बघून तिला वाटलं मी तयारी केलीय. ती मी कधीतरी भरली होती, चौदा मार्चनंतर, थोडी थोडी.

तिला फुलीचं सांगितलं. इंजिनाचंही.  खुर्चीत बसली, परत उठली, पाटी घेऊन तिने स्वतः लिहिलं. तिचं अक्षर सुंदर आहे. मुलीकडे. इथे.

मी स्वयंपाकघरात होते. बघितलं नाही. खडूचा आवाज ऐकला, दोन रेघा.

मुलगी बराच वेळ आली नाही. मग दारात येऊन म्हणाली, टॅक्सीवाल्याला पैसे देऊन येते. बॅग तिने उचलून माळ्यावर टाकली. खाली उतरताना म्हणाली, आई, तो सूपचा मसाला मी घेऊन जाते, इथे कुणी खात नाही.

पाटी मी पुसली नाही. आज कुणीच काही पुसलं नाही.

२६ एप्रिल, रविवार

खुर्ची खिडकीपाशी नेली. मागची लाइन दिसते. रूळ आहेत, खडी आहे, एक पत्र्याचा तुकडा राहिलाय. हे तिकडे बघत बसले. रविवारी तिला पुसायला जायचे त्या वेळेला बघायला सुरुवात केली, जेवायला थांबले.

आज मान वळवून कॅलेंडरकडे बघत होते. सात आठवडे सलग फुल्या, दूध नाही त्याच्या. मी कॅलेंडर काढायला गेले तर ह्यांनी हात धरला. डाव्याने, जोरात.

त्यांच्या हिशोबाने एवढे सगळे दिवस मी ठेवायला सांगितलेत.

कॅलेंडर राहू दिलं. आजचा फरक: बोलले नाहीत.